ताणावर सोडलेला बगीचा

पडद्यावर माझ्या मोठ्या बहिणीचा बगीचा होता. झाडांवरून मी तो ओळखला नाही. फोटोत संत्र्याची झाडे सगळी सारखीच दिसतात. ओळखले ते विहिरीजवळ उभ्या असलेल्या भाऊजींना. फोटो काढताना ते ओठ घट्ट मिटून घेतात, कारण पुढचे दात त्यांना आवडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक फोटोत ते कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे दिसतात. फोटोखाली इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा : पंप बंद, शेतकरी मानसिक तणावात.

सभागृह युरोपातल्या एका शहरात होते. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेत मी ऊर्जा-धोरणाची सल्लागार म्हणून काम करत होते, तिच्या सौर पंप कार्यक्रमाचा वार्षिक आढावा चालू होता. पैसे देणाऱ्या देशांचे प्रतिनिधी समोर बसले होते. कार्यक्रमाचे प्रमुख मृदू आवाजाचे गृहस्थ. ते सांगत होते की मध्य भारतातल्या संत्रा पट्ट्यात हिवाळा आला की पंपांचा वापर जवळजवळ थांबतो. आधी यंत्रात बिघाड असेल असे वाटले. मग माणसे पाठवून विचारले, तेव्हा कळले की यंत्रे ठीक आहेत. शेतकरीच इतके खचलेले असतात की बागेला पाणीसुद्धा देत नाहीत. केवळ तंत्रज्ञान पोचवून भागत नाही, माणसाच्या मनापर्यंत पोचले पाहिजे, असे ते म्हणाले. माना हलल्या. काहींनी वाक्य लिहून घेतले.

मी हात वर केला. प्रश्न शेवटी घेऊ, असे त्यांनी हसून सांगितले. शेवटी वेळ उरला नाही, कारण जेवण तयार होते.

तिथे जे सांगायचे होते ते एवढेच. सौंसर आणि पांढुर्ण्याकडे संत्र्याला चांगला बहार हवा असेल तर हिवाळ्यात झाडाचे पाणी तोडावे लागते. महिनाभर, कधी त्याहून जास्त. भारी काळ्या जमिनीत आणखी थोडे. याला बगीचा ताणावर सोडणे म्हणतात. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, थोडी पिवळी पडून गळतात. मग नेमक्या वेळी पुन्हा ओलित सुरू करायचे. ते ताण तोडणे. ताण वेळेवर तोडला की झाड फुलांनी भरते. हा आंबिया बहार. पुढच्या दिवाळीच्या आसपास बाजारात येणारा संत्रा तो हाच. तोडायला उशीर झाला तर पाने झडतात, फांद्या टोकाकडून वाळत येतात आणि फूल धरत नाही. झाड जगले तरी वर्ष गेलेले असते.

ही काही कुणाची गुप्त विद्या नाही. कृषी खात्याच्या पत्रकात ती छापलेली असते. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर कुणालाही विचारले तरी तो सांगेल, आणि वर आपल्या साल्याच्या बगीच्याची हकिकत ऐकवेल. डिसेंबरात संत्र्याच्या बगीच्यातला पंप बंद असणे म्हणजे सगळे ठीक चालले आहे. चालू असता तर चौकशी करायला हवी होती.

माझे घर पांढुर्ण्याचे. वडील शिक्षक. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. नागपूर गाडीने जवळ, म्हणून शिकायला नागपूर आणि पहिली नोकरीही तिथल्याच एका दैनिकात. मला वीज खाते दिले होते : दरवाढीच्या सुनावण्या, उपकेंद्रे, भारनियमन, जळलेली रोहित्रे. आमचे वृत्तसंपादक विशेषण दिसले की खोडत. कोण म्हणाले, कुणाला म्हणाले, ऐकणारा कोण होता, हे तिन्ही नसेल तर बातमी परत. विजेचे दर कसे ठरतात हे समजू लागले तेव्हा दिल्लीतल्या एका अभ्यास केंद्राने बोलावले. तिथून परदेश. पुढची सगळी वर्षे हवामान आणि स्वच्छ ऊर्जा या विषयात गेली. परिषदा, मसुदे, शिष्टमंडळांना टिपणे लिहून देणे, त्यांनी बदललेली टिपणे पुन्हा जुळवणे.

त्या कामात एक गोष्ट मला आवडत असे. वाटाघाटींच्या मसुद्यात ज्या शब्दावर एकमत नसते तो चौकटी कंसात ठेवतात. ‘करतील’ की ‘करावे’ एवढ्यावर देश अडून बसतात. भरल्या सभागृहात सगळे जण एका क्रियापदापाशी थांबलेले मी अनेकदा पाहिले आहेत. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटते. मला कधी वाटले नाही. शब्द बदलला की भार एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून ते भांडतात.

तीच माणसे. भाऊजींच्या तोंडून निघालेला एक शब्द भोपाळमार्गे त्यांच्यापर्यंत आला, आणि तो कुठून आला, त्याचा अर्थ काय, असे एकानेही विचारले नाही. त्याला कंस मिळाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्यातून ताईला फोन लावला. तिचे सासर रामाकोन्याजवळच्या एका खेड्यात आहे. तिकडे दुपार उलटून गेली होती.

“पंपाबद्दल विचाराले कोणी आलं होतं काय?”

“आलता ना एक साहेब भोपाळचा. हातात टॅब. तुह्या भाऊजीनं त्याच्यासंग भल्ली शुद्ध हिंदी झाडली. मी पदर तोंडात धरून हासून राहिली होती.”

“काय म्हणले ते?”

तिने फोन भाऊजींकडे दिला. “काई नाई. त्यानं विचारलं, पंप बंद क्यों है? मी म्हणलो, साहब, बगीचा तनाव पे छोड़ा है।”

“तनाव काहून म्हणले भाऊजी? तान म्हणाचं ना.”

“तान म्हणलं असतं त त्याले वाटलं असतं मी गाणं म्हणून राहिलो.”

मागून ताईचा आवाज आला, “विचारलं कोणी तुमाले शुद्ध बोलाले?”

आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी हे थोडे उलगडायला हवे. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी माणूस साहेब दिसला की हिंदीत शिरतो. राज्य मध्य प्रदेश, कचेरी हिंदी. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. रोजच्या बाजारात तो जी हिंदी बोलतो ती अर्धी मराठीच असते, आणि तिच्यात ताणाला तानच म्हणतात. छिंदवाड्याकडचा हिंदी बागायतदारही तानच म्हणतो. पण साहेब भोपाळचा, टॅबवाला. अशा वेळी आमचा माणूस रेडिओवरच्या बातम्यांची हिंदी काढतो. घरातला शब्द गावठी दिसू नये म्हणून त्याला इस्त्री करतो. भाऊजींनी ताणाला इस्त्री केली आणि त्याचा तनाव झाला. सर्वेक्षकाला तनाव एकाच प्रकारचा माहीत होता. बगीच्याला तनाव कसा येईल, असे त्याच्या मनात आले असावे. म्हणून त्याने वाक्य दुरुस्त केले आणि बगीच्याच्या जागी किसान घातला. मग दिल्लीत कुणी तरी त्याचे इंग्रजी केले. मग भाऊजींचा मिटलेल्या ओठांचा फोटो सापडला. आजूबाजूच्या गावांतही बागायतदारांनी हीच हिंदी बोलून साहेबाचा मान राखला होता. संस्थेला त्यातून एक निष्कर्ष मिळाला.

या चुकीचा मला राग आला नव्हता. अशा चुका होतात; वर्तमानपत्रात मी रोज पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी चूकभूल छापून माणूस पुढे जातो. मी त्याच दुपारी प्रमुखांना गाठून फोटोतला बगीचा माझ्या बहिणीचा आहे हे आणि ताण म्हणजे काय ते सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. फार रंजक आहे, असे म्हणाले. स्थानिक ज्ञानाचा आपण आदर केला पाहिजे, असेही म्हणाले. त्यानंतर तासाभरात आढावा बैठकीने दोन निर्णय घेतले. संत्रा पट्ट्यातल्या लाभार्थी कुटुंबांकडे समुपदेशक पाठवायचे. आणि ठरावीक काळाहून जास्त बंद राहिलेले पंप दूरून कुलूपबंद करून अधिक इच्छुक शेतकऱ्यांकडे हलवण्याची तयारी करायची.

राग तिथे सुरू झाला.

समुपदेशक आधी आल्या. नागपूरच्या एक तरुण बाई, हातात प्रश्नांचे कागद. ताईने त्याच संध्याकाळी फोनवर मला सगळे बोलणे ऐकवले.

“काका, झोप लागते का?”

“लागते ना. जेवलो का लागते.”

“मध्येच जाग येते?”

“ह्यायले नाई येत,” ताई म्हणाली. “ह्यायच्या घोरण्यानं मले येते. माहं नाव लिहून घ्या.”

“मनात निराशेचे विचार येतात?”

“आतालोक नोते,” भाऊजी म्हणाले. “तुमी विचारून राहिल्या तसे यायले लागले.”

“काका, मग बागेला पाणी का देत नाही तुम्ही?”

“आवो, ताणावर हाय ना बगीचा!”

बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांच्या मामाचा काटोलकडे संत्राच होता. “हा तो ताण? अगं बाई,” म्हणाल्या आणि हसत सुटल्या. ताईनेही हसून घेतले, मग त्यांना जेवायला वाढले. निघताना बाईंनी कागदावर लिहिले की या कुटुंबाला समुपदेशनाची गरज नाही, पंप बंद असण्याचे कारण शेतीचे आहे. चांगले, स्पष्ट वाक्य होते. संस्थेच्या नोंदीत त्या भेटीचे रूपांतर ‘मानसिक आधार मिळालेले एक कुटुंब’ असे झाले. वाक्य कुठे गेले ते मी शोधले. कुणीही ते वाचलेले नव्हते.

पंपाला कुलूप लागले ते ताण तोडायच्या सकाळी. योगायोग नव्हता; ताणाचा काळ आणि संस्थेने ठरवलेला काळ साधारण एकच निघाला. भाऊजींनी देवाला फूल वाहिले, आळी साफ केली, बटण दाबले. कंट्रोलरवर लाल दिवा आणि एक आकडा. पुन्हा दाबले. या पंपांच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असते. पंप किती चालला ते त्यातून परदेशातल्या पडद्यावर दिसते, आणि तिथूनच तो बंदही करता येतो. ही सोय विशेष म्हणून दाखवली जात असे.

संस्थेच्या जिल्ह्यातल्या माणसाला बोलावले. तो आला, लाल दिव्याकडे पाहून त्याने मान हलवली.

“माताजी, ये हमने नहीं किया। सिस्टम ने किया है।”

“मंग सिस्टमले बोलाव इथी,” ताई म्हणाली.

“सिस्टम तो बाहर है, माताजी।”

“बाहेर म्हणजे कुठी? गाडीत बसली हाय काय? ये म्हणा आत, पाणी पे.”

तो हसला. हसण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हते. पंप मिळताना वीज मंडळाची शेतीची लाईन सोडून द्यायची अट होती. ताईने ती सोडली होती. डिझेल इंजिन भंगारात दिल्याचा फोटो द्यायचीही अट होती. भाऊजींनी चालते इंजिन पांढुर्ण्याला नेऊन गॅस कटरने कापून घेतले आणि कापलेल्या तुकड्यांशेजारी, ओठ मिटून, उभे राहिले. तो फोटोही संस्थेच्या एका अहवालात आहे. म्हणजे विहिरीत पाणी होते, डोक्यावर ऊन होते, सौर पत्रे झगमगत होते, आणि झाडाला पाणी देण्याचा एकही मार्ग उरला नव्हता.

मी प्रमुखांना लिहिले. पंप उघडा, ताण तोडायची वेळ झाली आहे, दिवसांचा प्रश्न आहे. उत्तर लगेच आले. संबंधित लाभार्थी माझी सख्खी बहीण असल्याने हितसंबंधांचा प्रश्न उद्भवतो. मी या विषयापासून दूर राहावे.

मी लिहिले, माझ्या बहिणीचा पंप राहू द्या. बाकी संपूर्ण पट्ट्यातले उघडा. सगळ्यांचे कारण तेच आहे.

उत्तर आले की हे तर अधिकच अडचणीचे आहे. एका सल्लागाराच्या नातेवाइकांच्या सांगण्यावरून संपूर्ण भागासाठी अपवाद करता येणार नाही.

मी कृषी खात्याची पत्रके पाठवली, एक मराठी, एक हिंदी. उत्तर : ती प्रादेशिक भाषांत आहेत, अधिकृत भाषांतर जोडावे, म्हणजे समितीपुढे ठेवता येईल. समिती फेब्रुवारीत बसणार होती.

मी लिहिले, फेब्रुवारीत बहाराची वेळ निघून गेलेली असेल. तुम्ही ज्या निर्णयाचा विचार करणार आहात तो तोपर्यंत झाडांनी घेतलेला असेल.

यावरचे उत्तर मी अजून ठेवले आहे. या काळात माझ्यावर किती ताण असेल याची आम्हाला कल्पना आहे, असे त्यात लिहिले होते. गरज वाटल्यास संस्थेच्या समुपदेशकाशी बोलण्याची सोय माझ्यासाठीही उपलब्ध होती.

मी रजा टाकली आणि निघाले.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर भाऊजी घ्यायला आले होते. बगीच्यात शिरल्यावर पायाखाली पाने वाजली. ताणात थोडी पाने गळतातच, पण ही थोडी नव्हती. झाडावर राहिली होती ती होडीसारखी आत वळलेली. मी एक तोडून मुठीत दाबले. त्याचा चुरा झाला नाही, पण वास नव्हता. विहिरीत वाकून पाहिले. पाणी वर होते. भाऊजी फडके घेऊन सौर पत्रे पुसत होते.

“बंद हाय ना ते?” मी म्हणाले.

“रोज पुसाची सवय हाय,” ते म्हणाले. “आणि साहेबानं पाह्यलं त? धूळ दिसली त म्हणन, खरंच इच्छुक नाई.”

शेजारच्या शेतातल्या काकांकडे इंजिन होते. कार्यक्रम गावात आला तेव्हा त्यांनी नाव द्यायला नकार दिला होता. कापायला आपलं इंजन देणार नाही, पाहिजे तर तुमचा सूर्य मोफत ठेवून जा, असे त्यांनी भर बैठकीत सांगितले होते, आणि गावाने त्यांना धूरवाले म्हणून चिडवले होते. आता सगळ्या गावाला तेच एक इंजिन हवे होते. ताई आणि मी त्यांच्याकडे गेलो. ते बैलबंडीवर बसून तंबाखू मळत होते.

“या मॅडम. काय, सूर्य बिघडला म्हणते?”

“सूर्य चांगला हाय काका. साहेब बिघडले.”

“मंग माह्यं धुराचं डबडं चालन काय तुमाले? का जगाची हवा खराब होईन?”

“द्या ना काका,” ताई म्हणाली. “टोमणे मंग मारजा. बसून आयकतो आमी.”

“देतो ना वो पोरी. मी कुठी नाई म्हणून राहिलो? पहिले माह्यं होऊ दे, मंग माह्या भावाचं. मंग तुह्यं. पण अर्ध्यालेच पुरन. तुह्या मागं पुरी रांग हाय.”

यात काही गैर नव्हते. आपले झाड आधी, भावाचे मग. त्यांना दोष देणे मला जमले नाही. इंजिन ताईच्या विहिरीवर आले तोपर्यंत आणखी काही दिवस गेले होते.

अर्धा बगीचा म्हणजे कोणता अर्धा, यावर नवरा-बायकोत विहिरीच्या कठड्यावर भांडण झाले. बगीच्याचा वरचा भाग मुरमाड, हलका. तिथली जमीन लवकर सुकते. खालचा भाग काळा, भारी. तिथली झाडे जुनी आणि माल तिथेच जास्त.

“खालच्याले देऊ,” भाऊजी म्हणाले. “माल तथी निंगते.”

“आणि वरची मरन त?”

“नाई मरत.”

“पानं पाह्यली तुमी? एकाही झाडाले शेंडा नाई राहिला. खालच्याले भारी जमीन हाय, दम धरन ते. वरच्याले द्या.”

“साल जाईन पुरं.”

“जाईन त जाईन. झाड त राहीन.”

भाऊजी उठून इंजिनाकडे गेले आणि पाइप वरच्या बाजूला टाकला. इंजिन सुरू झाले. काळा धूर सौर पत्र्यांवरून वाहत गेला. स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रात मी इतकी वर्षे काढली. ज्या कामासाठी मला नेमले होते त्याचा हिशेब मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसत होता. कापलेल्या इंजिनाचा फोटो अहवालात होता. या धुराचा कुठेच नव्हता.

इंजिन पुढे गेले. ते परत फिरून येईपर्यंत खालच्या झाडांनी दम धरला नाही.

समिती फेब्रुवारीत बसली. पंपांची कुलुपे उघडली. कारणात ताण शब्द नव्हता. ‘वापराच्या हंगामी सवयींचा विचार करून’ असे लिहिले होते. मी रजा वाढवून तिथेच राहिले होते. काही दिवसांनी प्रमुख स्वतः दोन पाहुण्यांना घेऊन आले. त्यांना प्रगती पाहायची होती. आदल्या आठवड्यात वरच्या भागात फूल आले होते, अपेक्षेपेक्षा चांगले. गाडीतून उतरताच त्यांना फुलांचा वास आला. पाहुणे थांबले, डोळे मिटून श्वास घेतला. प्रमुखांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू आमच्यातला वाद या वासाने मिटला होता.

फोटो काढायचे ठरले. मागे फुललेली झाडे, एका बाजूला सौर पत्रे, मध्ये भाऊजी. त्यांना हसायला सांगितले. त्यांनी ओठ मिटले.

“त्यायले म्हणा, खाली चला,” ताई मला म्हणाली. “खालचा बगीचा पाहा म्हणा. तथी फूल नाई.”

मी ते शब्दशः इंग्रजीत सांगितले. भर घातली नाही, काही वगळले नाही. किती झाडे, काय झाले, कुलूप कोणत्या सकाळी लागले, तेवढे सांगितले. प्रमुखांनी घड्याळ पाहिले. पाहुण्यांना जामसांवळीचे हनुमान मंदिर दाखवायचे कबूल केले होते आणि नंतर नागपूरहून विमान होते. खालचा भाग पुढच्या भेटीत नक्की पाहू, म्हणाले. शिवाय आजच्या दिवशी चांगल्या गोष्टीकडे पाहणे या कुटुंबालाही आवश्यक आहे, असे ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले.

“काय म्हणून राहिला तो?” ताईने विचारले.

मी सांगितले.

ताई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने मराठीतच विचारले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, “खाली, जायले, किती, वेळ, लागते?” कुणी भाषांतर मागितले नाही. पाहुण्यांपैकी एकाने हात जोडून नमस्कार केला. तिने तो घेतला नाही.

गाडीचे दार माझ्यासाठी उघडे धरले होते. नागपूरपर्यंत सोबत जाऊ, बोलायचे आहे, असे प्रमुख म्हणाले. बोलायचे असेल तर खालच्या बगीच्यात बोलू, असे मी सांगितले. दार लागले. गाडी वळून रामाकोन्याच्या रस्त्याला लागली.

खालच्या भागात सल काढायचे काम त्या दिवशी सुरू होणार होतेच. वाळलेल्या फांद्यांना सल म्हणतात. ती वेळेवर काढली नाही तर वाळणे खाली खाली उतरत झाडाच्या बुडापर्यंत जाते. भाऊजींनी आरी घेतली, ताईने आणि मी सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या. पहिले झाड विहिरीजवळचेच होते. हिरवे लागेल तिथे थांबायचे असते. मी एक फांदी टोकाशी कापली. आत करडे. वीतभर खाली कापली. करडेच.

“आणखी खाली,” ताई म्हणाली. “भिऊ नको. काप.”

मी आणखी खाली कापले.